कुत्रीपायी कोयता सोडला

दसरा झाला की आमच्या दारात कुत्र्याला भाकरी टाकायची नाही, असा आईचा नियम होता. उरलेला तुकडा शेजारच्या शेळीला घालायचा, वाळवून ठेवायचा, पण कुत्र्याला द्यायचा नाही. "सोकलं की जाताना मागं लागतंय," ती म्हणायची.

आम्ही पाथर्डीच्या बाजूची माणसं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमचं निम्मं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतं आणि ऊस तोडायला कारखान्यावर जातं, ते चैत्रातच परत येतं. तोडणारा नवरा आणि मोळ्या बांधून वाहणारी बायको, अशी जोडी मिळून एक कोयता धरतात. तोडणाऱ्यांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत माझे आईवडील दोन माणसं नव्हतेच. ते एक कोयता होते.

मी नऊ वर्षांची असताना आईचा नियम मोडला. एक तपकिरी कुत्रा होता, एका कानाला चीर पडलेला. दसऱ्यानंतरही मी त्याला चोरून भाकरी घालत राहिले. निघायच्या दिवशी तो ट्रॉलीमागं धावत सुटला. गावाबाहेरच्या फाट्यावर ट्रॅक्टर थांबला, तर तो आमच्या चाकाशी येऊन शेपटी हलवत उभा. आईनं माझ्या हातात दगड दिला. "मार. न्हाई तर गाडीखाली येईल. तूच सोकवलंस, तूच मार."

मी मारला. त्याच्या पायाला लागला. तो केकाटला नाही, नुसता बघत राहिला. चैत्रात परत आलो तेव्हा तो नव्हता. बंद पडलेल्या गावात त्याला घालणार कोण? मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनाच जिथं पुरत नव्हतं.

लोक म्हणतात, गरिबाला कुत्रं परवडत नाही. मी कॉमर्स शिकलेली बाई आहे, मला परवडणं कळतं. आम्हाला भाकरी परवडत होती. घरी राहणं परवडत नव्हतं.

पुढच्या हंगामात मी ट्रॉलीत बसायला नकार दिला. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह होतं, तिथं राहिले. तिथून दहावी, बारावी, मग नगरला बी.कॉम. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम करून शिकले. आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला लागले. गेल्या आषाढात कायम झाले, आणि त्याच दुपारी डबा खाताना मैत्रिणीला सांगितलं, "आता कुत्रं घेणार."

ती हसली. "अगं, आधी फ्रीज घे. माणसं फ्रीज घेतात."

"माणसांनी घ्यावा."

तरी तिनंच मला सावेडीतल्या एका माणसाचा पत्ता दिला. त्याच्याकडं लॅब्राडोरची पिल्लं होती. फरशी पुसून लख्ख केलेली, पिल्लं लोण्याच्या गोळ्यासारखी. किंमत माझ्या पगाराच्या पुढं. मी ती ऐकून घेतली, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग त्यानं विचारलं, "मॅडम, घरी बारा महिने कोण असतं?"

किमतीला माझ्याकडं उत्तर होतं, हप्त्यानं देते म्हणाले असते. या प्रश्नाला नव्हतं. मी सोमवार ते शनिवार नगरात, मुलींच्या खोलीवर. आईवडील सहा महिने उसात. "बघते," म्हणून मी चप्पल घातली. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं, म्हणूनच मला राग आला.

त्या शनिवारी गावी गेले. शाळेच्या टाकीमागं एका गावठी कुत्रीनं पाच पिल्लं घातली होती. आईला घेऊन गेले. तिनं एकेक पिल्लू मानगुटीला धरून उचललं. आमच्याकडं पिल्लू असंच पारखतात. उचलल्यावर ओरडत नाही ते दमाचं, ते घ्यायचं. चार गप्प राहिली. पाचवीनं असा गोंधळ घातला की टाकीवर पाणी भरणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

"ही मला," मी म्हणाले.

"ही? ही तर रडूबाई. आन वर कुत्री. दर साली पिल्लं घालील."

"ऑपरेशन करू. मला ओरडणारीच पाहिजे. न ओरडणारी आपल्या घरात लई झाली."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि पिल्लू पदरात घेतलं. टाकीवरची एक काकू म्हणाली, "पोरगी साहेबीन झाली न् आणलं काय, तर गावठी!" मी म्हणाले, "मी पण गावठीच आहे, काकू."

खरी अडचण आण्णांची होती. माझे वडील अंगणात बांबूच्या पाटीच्या कडा आवळत बसले होते. पिल्लाकडं बघून म्हणाले, "दिवाळीला काय करायचं हिचं?"

"दिवाळीला तुम्ही घरीच असाल. माझा पगार आहे. आपली दोन एकर बाजरी-तूर आहे. कोयता बास झाला."

"लेकीच्या पगारावर बसून खाऊ व्हय?"

"मी तुमच्या कोयत्यावर बसून शिकले, तेव्हा कुणी विचारलं नाही."

"ते येगळं."

"काय वेगळं?"

आण्णा पाटी घेऊन उठले. जाताना पिल्लाला ओलांडून गेले नाहीत, वळसा घालून गेले. हे आईनंही बघितलं.

पुढचे दोन महिने हाच वाद दर शनिवारी. मी पगारातला खर्च वजा करून दाखवायचे, ते म्हणायचे, "कागदावर समदं बसतंय." एकदा चिडून मी बोलले, "मग सरळ सांगा की मी मुलगा असते तर चाललं असतं." ते पाणी प्यायला आत गेले.

पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आईनं त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मी सुट्टी काढून बरोबर गेले होते. डॉक्टरांनी रेबीजची सुई टोचली, कार्ड काढलं. "मालकाचं नाव?" मी माझं सांगायला तोंड उघडलं, तर आई पुढं होऊन स्वतःचं नाव बोलली. पूर्ण नाव, ठासून. तिचं नाव मतदानाच्या कार्डावर आहे, पण मालक म्हणून कुठंच लिहिलेलं नव्हतं. ना घरावर, ना शेतावर.

"दुसरी सुई महिन्यानं. चुकवू नका, नाहीतर पहिली वाया." डॉक्टरांनी तारीख लिहिली. आईला वाचता येत नाही. तिनं मला विचारलं, "कधी येतीय?"

"दिवाळी झाल्यावर."

टोळी दिवाळीआधी निघणार होती. आईनं कार्ड ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि पिशवी उचलली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादम उचल घेऊन आला. उचल म्हणजे हंगामाआधी हातावर ठेवलेले पैसे. ते घेतले की माणूस बांधला गेला. रविवार होता, मी घरी होते. त्यानं पाकीट आण्णांच्या पुढं ठेवलं. आण्णा पाकिटाकडं बघत राहिले, हात पुढं गेला नाही, मागंही गेला नाही.

आई चुलीपुढून उठून उंबऱ्यात आली. "आवंदा मी न्हाई येत."

मुकादम हसला. "का वो वहिनी? लेक साहेब झाली म्हनून?"

"कुत्रीची सुई हाय. दिवाळी झाल्याव."

"आता हे बघा! अवो, कुत्रीला घ्या की ट्रॉलीत. टोळीला राखन व्हईल."

"डाक्टरनी हेच गाव लिवलंय कार्डावर. ती हितंच ऱ्हानार, मी बी हितंच ऱ्हानार."

मुकादम आण्णांकडं वळला. "तुमी काय म्हंता? तुमी तरी चला. अर्धा कोयता बी चालंल."

मी आण्णांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर ते माझ्यासाठी बोलले असते, आणि मला ते नको होतं.

"म्या तोडीन," आण्णा म्हणाले. "मोळ्या कोन बांधंल? तुमी?"

मुकादमानं पाकीट उचललं. बाहेर पडताना मोठ्यानं म्हणाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "कुत्रीपायी कोयता सोडला! ऐका!"

गाव अजून हसतं. किराणा घ्यायला गेलं की कुणीतरी कुत्रीवरून विचारतं, "काय म्हणती तुमची मालकीण?" आधी आण्णा चिडायचे. आता म्हणतात, "बरी हाय. तुमाला पायजे का, शाळेच्या टाकीमागं आनखी हायेत." मला ऑफिसात कुणी विचारलं की मी मुकादमाचंच वाक्य सांगते, शब्द न बदलता. हो, कुत्रीपायी सोडला. तुमच्या घरात मोठ्या निर्णयासाठी मोठं कारण लागत असेल. आमच्या घरात वीस वर्षं मोठी कारणं होती, माझं शिक्षण, आईची दुखरी कंबर, आण्णांचा कापलेला अंगठा. त्यातल्या एकालाही मुकादमानं मान दिला नाही. ओरडणाऱ्या एका पिल्लापुढं तो पाकीट उचलून गेला, तर मी कारण का बदलू?

तिचा खर्च फार नाही. बाजरीची भाकरी, ताक, रविवारी मी नगरहून आणलेली कोंबडीची पायं-मुंडकी. सुया सरकारी दवाखान्यात. ऑपरेशनला मी दर महिन्याला थोडे बाजूला टाकते. ती अजूनही ओरडते. टेम्पो गेला तरी ओरडते, मुकादमाच्या मोटारसायकलीवर तर जरा जास्तच.

दिवाळीआधी आमच्या गल्लीतून सात ट्रॉल्या गेल्या. दिवाळीनंतर ठरल्या तारखेला आई कुत्रीला घेऊन चालत दवाखान्यात गेली आणि दुसरी सुई टोचून आणली. आण्णा त्या दिवशी तुरीला पाणी देत होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्या आईवडिलांनी सगळा हंगाम स्वतःच्या घरी काढला, आणि आमच्या घरी आमची कुत्री आहे.