डोरिसबाईंचा हॉल आणि आमचा बँड

गिटारच्या पेटीत तुटक्या तारा साठत जातात, तसे बँडचे किस्से साठतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, फेकायचे राहून जातात! नागपुरात हयातभर रिपोर्टिंग केलं, मंत्र्यांशी भांडलो. मग बायकोच्या नोकरीमागे अमेरिकेत ॲन आर्बरला आलो आणि २००४च्या सुमारास एका डोंगरी बँडमध्ये गिटार बडवायला लागलो. तिथे जे पाहिलं, ते कुठल्याच प्रेस कॉन्फरन्समध्ये पाहिलं नव्हतं.

बँड तिघांचा. फिडलवर, म्हणजे आपल्या व्हायोलिनवर, म्हातारा वॉल्टर. केंटकीच्या डोंगरातून तरुणपणी इकडे मोटारींच्या कारखान्यात आलेला, आता रिटायर्ड. बँजोवर रसेल. आणि गिटारवर मी. महिन्यातल्या एका शनिवारी एका जुन्या हॉलमध्ये आम्ही वाजवायचो आणि लोक जोडीजोडीने नाचायचे. त्या एका शनिवारसाठी वॉल्टर बाकीचा महिना कसाबसा काढायचा.

हॉलच्या मॅनेजर डोरिसबाईंना मात्र बँड नको होता. त्यांना सीडी लावायची होती. या डोरिसबाई म्हणजे रसेलची घटस्फोटित बायको! घटस्फोटाचं कारण बँजो, एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

* * *

माझी बायको मेधा पहिल्यांदा ऐकायला आली. मध्यंतरात जवळ येऊन म्हणाली, "छान आहे हो, पण एकच गाणं किती वेळ?"

मी भडकलो. "एक? तीन झाली!"

"मॅडम काय म्हणतात?" वॉल्टरने विचारलं. मी शब्दशः सांगितलं.

"चार झाली," वॉल्टर शांतपणे म्हणाला. "पण चौथ्यालाही तू तिसरंच वाजवत होतास."

* * *

आमच्या संगीताला इथे 'ओल्ड-टाइम' म्हणतात. गावातल्या पेपरने 'ओल्ड-टाइम डान्स' ही आमची जाहिरात थेट ज्येष्ठ नागरिकांच्या कॉलममध्ये छापली! शनिवारी वृद्धाश्रमाची व्हॅन दारात हजर. वॉकर घेऊन आजी-आजोबा उतरताहेत!

मी तडक पेपरला फोन लावला. "मी स्वतः पत्रकार आहे! ही अक्षम्य चूक आहे! हा म्हाताऱ्यांचा कार्यक्रम नाही!"

पलीकडचा सबएडिटर नम्रपणे म्हणाला, "सॉरी, सर. तुमच्या फिडलवाल्याचं वय काय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग करेक्शन नेमकं काय छापू?"

* * *

मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात आम्हाला वाजवायला बोलावलं. आता या बँडची एक पद्धत आहे. गाणं संपवायचं असलं की फिडलवाला बसल्या बसल्या एक पाय वर उचलतो. बाकीच्यांनी समजायचं, ही शेवटची फेरी.

वॉल्टरने पाय उचलला. समोर पुण्याहून नुकतंच आलेलं एक नवं जोडपं होतं. मुलगी नवऱ्याच्या कानात कुजबुजली, "अरे, आजोबांनी पाय पुढे केलाय. चल ना!" दोघं वाकले. त्यांचं पाहून मागचे उठले. बघता बघता लाइन लागली!

पाय खाली घ्यावा तर कुणाच्या तरी डोक्यात बसेल. म्हणून वॉल्टरने तो तसाच हवेत ठेवला आणि आम्ही शेवटची फेरी पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो.

परत येताना गाडीत वॉल्टर तो पाय चोळत बसला. मग म्हणाला, "फार चांगले लोक आहेत तुमचे. माझ्या बुटाची नाडी सुटलीय हे कळल्यावर इतके जण बांधायला आले!"

* * *

डोरिसबाईंनी तक्रार केली, की आमच्यामुळे लाकडी फ्लोअर खराब होतो. मी उसळलो. "पुरावा दाखवा! आरोप कुणीही करेल!"

त्या मला स्टेजवर घेऊन गेल्या. अख्ख्या हॉलमध्ये फ्लोअर फक्त एका जागी झिजला होता. माझ्या खुर्चीसमोर, उजव्या टाचेखाली.

"आणि तरीही," बाई म्हणाल्या, "तुमचा ताल चुकतो."

* * *

शेवटी बाईंनी फर्मान काढलं. येत्या शनिवारी नाच सीडीवर. लोक खूश झाले, तर बँड कायमचा बंद!

वॉल्टर त्या दिवशी चांगला कोट घालून आला. फिडलची पेटी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला.

मोठं रिंगण झालं. मेधाला घेऊन मीही उतरलो. या नाचात प्रत्येक फेरीला बाप्ये एक घर पुढे सरकतात. दर वेळी नवी पार्टनर, आणि पूर्ण चक्कर झाली की आपली आपल्याला परत. आम्ही वाजवताना नजर ठेवायचो. सगळे घरी पोचले, की मगच थांबायचो. रिंगणात एक जोडी कमी पडली, म्हणून डोरिसबाई स्वतः उतरल्या. बँजो नाही म्हणून रिकामा उभा असलेला रसेलही कुणीतरी आत ओढला.

सीडी छान वाजली. आणि रिंगण अर्ध्या वाटेत असतानाच नाचाचं गाणं संपलं!

प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याची बायको. हात सोडावा तर अपमान, धरून ठेवावा तर नवरा बघतोय. मेधा एका डेंटिस्टच्या तावडीतून ओरडली, "अहो, मी इकडे आहे!"

तेवढ्यात मशीनने आपणहून पुढचं गाणं लावलं. संथ, प्रेमाचं. सगळे जिथल्या तिथे, जो हातात आहे त्याला धरून डुलायला लागले.

डोरिसबाई रसेलच्या हातात होत्या.

"गाणं तुझ्याच सीडीचं आहे हं, डोरिस," रसेल म्हणाला.

बाईंनी थोडा वेळ छताकडे पाहिलं. मग किंचाळल्या, "वॉल्टर! वाजव! काहीही वाजव!"

वॉल्टरने सावकाश पेटी उघडली. फिडल काढली. एक खुंटी पिळली, कान लावला, मान हलवली. दुसरी पिळली.

"अरे, वाजव ना!"

"तारा जुळवतोय, मॅडम," वॉल्टर म्हणाला, आणि तिसऱ्या खुंटीकडे वळला.