मास्तरांनी लिहिलेलं वय

पौष महिन्यात, सगळी कचेरी स्वेटर-मफलर घालून बसलेली असताना मी उठले, पंखा पाचावर केला आणि निलंगा तालुक्याच्या टँकरचे सगळे कागद खिडकीतून खाली गेले. दोन शिपाई जिन्यावरून धावत सुटले. एक कागद चहाच्या गाड्याखाली सापडला, एक शेळीच्या तोंडातून ओढून काढावा लागला. त्या कागदावरच्या गावाला त्या दिवशी टँकर गेला की नाही, ते मला आजही आठवत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. नवा म्हणजे नावालाच. कचेरी भाड्याच्या जागेत, खुर्च्या इकडून तिकडून मागून आणलेल्या, आणि छापील कागद सगळे जुन्या जिल्ह्याचे. त्यावरचं उस्मानाबाद लाल शाईनं खोडायचं आणि वर लातूर लिहायचं, हे दिवसातून शंभरदा. त्यात दुष्काळ. मी टंचाई शाखेत कारकून. कोणत्या गावाला किती खेपा, कोणता टँकर बंद पडलाय, हे सगळं माझ्या टेबलावर. आमच्या वस्तीतली सरकारी नोकरीत लागलेली पहिली बाई मी, त्यामुळे मान ताठ होती. जीभही जरा जास्तच चालायची, खोटं कशाला बोलू?

पंखा बंद करून आमचे अव्वल कारकून माझ्या टेबलापाशी आले. उर्दू शाळेत शिकलेला, अदबीचा म्हातारा माणूस. म्हणाले, "बाई, तबियत ठीक आहे ना? कानापर्यंत लाल झालात."

"काही झालं नाही मला!" मी इतक्या जोरानं ओरडले की पलीकडच्या शाखेतला टाईपरायटर थांबला.

झालं तर होतंच. छातीत भट्टी पेटल्यासारखी आग निघायची, ती गळ्यातून कानापर्यंत चढायची, घामानं ब्लाऊज भिजायचा, आणि पाच मिनिटांत असं गार वाटायचं की दात वाजायचे. काळीज उगीचच धडाधडा उडायचं. पायांवरून मुंग्या चालतायत असं वाटून मी भर कचेरीत साडी झटकायची. पाळी दोन-दोन महिने गायब, मग आली की धो धो. आणि या सगळ्याच्या वर एक भीती. कशाची, ते सांगता यायचं नाही. फोन वाजला की भीती, नाही वाजला की जास्त भीती.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी थरथरायला लागले तर झाडलोट करणाऱ्या दोघी बायका हात जोडून समोर उभ्या राहिल्या. "बाईच्या अंगात यायलंय. कोण देवी हाय, इचार."

"अगं, आम्ही बौद्ध," मी दात वाजवत म्हणाले. "आमच्यात देवीच नाही, तर अंगात येणार कोण?"

त्या दोघींना हे काही पटलं नाही. त्यातली एक पुढं आठवडाभर माझ्या टेबलावर गुपचूप लिंबू ठेवत होती. मी त्याचं सरबत करून प्यायचे, तेवढाच गारवा.

घरी आमचे हे. हे एसटीत कंडक्टर, निलंगा-लातूर-नांदेड गाडीवर. या माणसाला जगातल्या प्रत्येक आजाराचा एक प्रवासी माहीत. मी म्हणायची, छातीत धडधडतंय. हे शांतपणे भाजी चिवडत म्हणायचे, "आमच्या गाडीत एक बाई होती, अगदी अशीच धडधड. अहमदपूरला खिडकीशी बसली, लोह्याला..."

"लोह्याला काय?"

"जाऊ दे. जेव तू."

मी मरणार, हे मला पक्कं समजलं. पोरगी कॉलेजात, तिचं अजून सगळं व्हायचं, आणि मी लोह्याला संपणार. मी रडले तर हे घाबरले, आणि दुसऱ्याच दिवशी मला आपल्याच गाडीत बसवून नांदेडला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. कंडक्टरच्या मागचं सीट मला दिलं आणि रस्ताभर दर दहा मिनिटांनी मागं वळून बघत होते. लोहा आलं तेव्हा तिकीट फाडायचंच विसरले.

डॉक्टरांनी वय विचारलं. मी एक्केचाळीस सांगितलं. सेवापुस्तकात तेच होतं, शाळेच्या दाखल्यावरही तेच, एक जून ही जन्मतारीख. आमच्या भागात निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं असतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

डॉक्टरांनी छातीला वायरी लावून पट्टी काढली. काळीज ठणठणीत. मग पाळीचं विचारलं. दोन महिने नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि आमच्या ह्यांच्याकडं बघून हसले. "अभिनंदन करायला हरकत नाही असं वाटतं, तरी लघवी तपासून घेऊ."

ह्यांचं तोंड तिकीट न काढलेल्या प्रवाशासारखं झालं. दोन तास आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो. मी मनात पोरीच्या आणि या नव्या बाळाच्या वयातलं अंतर मोजत होते. रिपोर्ट आला, तसलं काही नव्हतं. हे इतक्या मोठ्यानं 'हुश्श' म्हणाले की मला भयंकर राग आला.

"मग पाळी जायची वेळ आली असेल का हो?" मीच विचारलं.

"एक्केचाळिसाव्या वर्षी? इतक्या लवकर कशाला? अजून पाचेक वर्षं आहेत तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. "दुष्काळाचं टेन्शन आहे. रजा घ्या."

दुष्काळात टंचाई शाखेला रजा! मी गोळ्या घेऊन परत आले. भीती होती तिथंच होती. उलट आता तिला नाव पण नव्हतं. ते नसलं, हे नसलं, म्हणजे डॉक्टरलाही न सापडणारं काहीतरी भयंकर आहे, असा मी हिशोब लावला.

मग ते झालं. आमच्या यादीत एकाच नावाची दोन गावं होती, एक बुद्रुक, एक खुर्द. मला ती पाठ होती, झोपेत सांगितली असती. पण त्या आठवड्यात माझं डोकं असं बधिर झालं की तीन दिवस मी खुर्दचा टँकर बुद्रुकला पाठवत राहिले. चौथ्या दिवशी खुर्दच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन कचेरीत आल्या आणि माझ्या टेबलासमोर फरशीवर बसल्या. एकीनंही शिवी दिली नाही. एक म्हातारी फक्त म्हणाली, "बाई, तुमच्या माठात हाय का वो घोटभर?"

मी माठ उचलून तिच्यापुढं ठेवला आणि संडासात जाऊन रडले. टँकर लगेच गेला, साहेबांनी समजून घेतलं, अव्वल कारकुनांनी माझ्या वाटची दिलगिरी स्वतः लिहिली. पण माझा माझ्यावरचा विश्वास उडाला. आज तीन दिवस, उद्या आठ दिवस. कुणाचं तान्हं लेकरू तहानेनं गेलं तर? मी त्याच दुपारी राजीनामा लिहिला. प्रकृतीच्या कारणास्तव. अक्षर सुंदर आलं होतं, त्याचंही वाईट वाटलं. सोमवारी द्यायचा ठरवून पर्समध्ये ठेवला, आणि रविवारी मायला सांगायला गावी गेले. मायला न सांगता मला नोकरी सोडता येणार नव्हती.

गाव निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. माय अंगणात तूर पाखडत बसली होती. मी तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं. आग, घाम, मुंग्या, काळीज, भीती. सांगता सांगता आग आलीच, मी पदरानं वारा घ्यायला लागले. माय सूप खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. बोळक्या तोंडानं, डोळ्यातून पाणी येईपर्यंत.

"मी मरायलेय आणि तू हसायलीस?"

"अगं, मरतीस कशाची? तुझी जायची येळ झाली. पाळी जायलीय तुझी."

"माय, डॉक्टर म्हणाला अजून पाच वर्षं आहेत. मला एक्केचाळीसच लागलंय."

"एक्केचाळीस?" मायनं दोन्ही हात गालाला लावले. "कुणी सांगितलं?"

"दाखल्यावर आहे."

"दाखल्यावर मी सांगितलेलं हाय," माय म्हणाली.

मग तिनं सांगितलं. मायला साल कळत नाही, ती प्रसंगांवरून मोजते. "पोलीस ॲक्शनला गाव रानात पळालं, तवा तू धाकल्याला काखंला मारून वढ्यापातूर पळाली. आठवतंय?"

आठवत होतं. अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्ध फौज आली तेव्हाचं. मी ही गोष्ट माझ्या पोरीला शंभरदा सांगितली होती, अगदी फुशारकीनं. भाऊ तेव्हा दोन वर्षांचा, चांगला गुटगुटीत. आणि दाखल्याप्रमाणं मी त्या वेळी पाच वर्षांची. पाच वर्षांची पोर असलं वजन काखेला घेऊन ओढ्यापर्यंत पळते? रोज खेपांची बेरीज करणारी सरकारी कारकून मी, आणि ही एवढी वजाबाकी मला उभ्या जन्मात सुचली नव्हती.

"धाच्या घरात होतीस तू," माय म्हणाली. "दुसऱ्या साली शाळा नीट सुरू झाली. मी तुला घेऊन गेले. मास्तर म्हणला, पहिलीत सहा वर्षांचं लेकरू घेतो, घोडी घेत न्हाई. मी म्हणलं, सहाचीच हाय, बापावर गेलीय, हाडानं मोठी. तो आत पुस्तक आणाया गेला, तवा मी तुला म्हणलं, गुडघे वाकीव."

मला तेही आठवत होतं. मास्तरांच्या टेबलापुढं मी परकराच्या आत गुडघे वाकवून उभी होते आणि माय दाराशी उभी राहून तळहातानं खुणावत होती, खाली, अजून खाली. मांड्या थरथरत होत्या. मला वाटलं होतं शाळेत असंच उभं राहायचं असतं. पुढं महिनाभर मी मास्तर दिसले की गुडघे वाकवायची आणि पोरं हसायची. मास्तरांनी एक जून लिहून टाकलं. मायनं मला पुन्हा कधी खरं सांगितलं नाही, की पोरगी कुठंतरी बोलून बसेल आणि शाळेतून काढतील. मग नोकरी लागली, मग तर बोलायचीच सोय राहिली नाही.

"तुझी गेली तेव्हा तुला असंच झालं होतं?" मी विचारलं.

"मग? मला वाटलं मलाच झालंय जगात," माय सूप उचलत म्हणाली. "कुणाला इचारावं? वरीसभर एक कोरं लुगडं बाजूला काढून ठिवलं हुतं, मेल्यावर नेसवाया. मेले न्हाई. मग दिवाळीला नेसले."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. डोळे पुसायला रुमाल काढताना पर्समधला कागद खाली पडला. मायला वाचता येत नाही, पण कागद बघून तिनं विचारलं हे काय.

"नोकरी सोडायचा अर्ज."

मायचं तोंड एकदम उतरलं. तिनं सूप पुन्हा खाली ठेवलं. "मग मी तुला गुडघे कशापायी वाकवाया लावले गं?"

मी तो कागद फाडला. मायनं तुकडे गोळा करून चुलीपाशी ठेवले, पेटवायला होतात म्हणाली.

त्यानंतर आग काही थांबली नाही, चांगली तीन वर्षं पुरली. पण तिला आता नाव होतं. आली की मी मनात म्हणायची, ये बाई, बस, आणि वहीत बुद्रुक-खुर्द दोनदा वाचून मगच सही करायची. पंख्याखालच्या कागदांवर मी दगडं आणून ठेवली, प्रत्येक तालुक्याला एक. अव्वल कारकून हिवाळ्यात मफलर घट्ट करायचे. आमचे हे एकदा म्हणाले, "म्हणजे तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी निघालीस." तेव्हापासून या घरात माझं जरा जास्त ऐकलं जातं.

सरकारनं मला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त केलं, तेव्हा मी त्रेसष्टची होते. निरोपाला मायला आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. कोवळे साहेब भाषणात कळवळून म्हणाले, "बाई वयाच्या मानानं जरा लवकर थकल्या, टंचाईच्या काळात त्यांनी शरीराची पर्वा केली नाही." माय खो खो हसली. सगळी कचेरी वळून बघायला लागली, तिनं तोंडात पदर कोंबला.

मग मला बोलायला उठवलं. गुडघे ठणकत होते, मी टेबलाला धरून अर्धवटच उभी राहिले. समोर मायनं तोंडातला पदर काढला आणि तळहातानं मला खूण केली. वर, अजून वर.