बिस्किटाच्या डब्यातला देव

भुताशी इतक्या अदबीनं बोलणारा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. हे माझ्या बायकोचे मामा. कन्नडकडे मेंढरं राखायची आणि आसपासच्या गावांत कुणाला झपाटलं तर भूत काढायचं, हे त्यांचे दोन उद्योग. दोन्हींत ते कधी आवाज चढवत नसत. 'पाव्हणं हाय, वाट चुकलंय,' म्हणत आणि आधी भुताचं गाव, मग घराणं, मग खुशाली विचारत. या चौकशीला कंटाळूनच निम्मी भुतं निघून जात, असं माझ्या सासूबाईंचं मत होतं.

पुढे सलग तिसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही, मेंढरं विकावी लागली आणि मामा देवावर रुसले. देवाचा चांदीचा टाक त्यांनी बिस्किटाच्या डब्यात पालथा घातला आणि शहरात, गारखेड्याला एका अर्धवट इमारतीवर वॉचमन झाले. देवाचं विचारलं की म्हणत, 'डब्यात हाय. त्यालाबी कळू दे, कोंडल्यावर कसं वाटतं.' भुतांचं विचारलं तर, 'गावात मानूसच ऱ्हायला नाय, भुतं धरतील कुनाला? तीबी आली असतील हितं, प्लॉट बघायला.' इमारतीत शिरणाऱ्या प्रत्येकाला मात्र, अगदी इंजिनियरलाही, ते गाव, घराणं आणि खुशाली विचारल्याशिवाय वर सोडत नसत.

आता माझा अपराध सांगतो. मी लग्नांचं शूटिंग करणारा माणूस. अक्षता टिपून टिपून कंटाळलो आणि भुताचा सिनेमा काढायचं डोक्यात घेतलं. ओसाड फ्लॅटमध्ये एक कॅमेरा सापडतो आणि त्यात भूत उतरवतानाचं खरंखुरं चित्रण निघतं, अशी गोष्ट. भूत माझी बायको सुनंदा, भगत मामा. पण मामा ऐकेनात. 'खोट्याला मी येत नाय, खऱ्याला देव येत नाय. सोडा, जावईबापू.' मग मी नको ते केलं. मामांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत कॅमेरा लपवला, सुनंदाला केस सोडून बसवलं आणि भर दुपारी ओरडत जिना उतरलो, 'मामा, सुनंदाला काहीतरी झालंय, लवकर चला.'

मामा एका पायात चप्पल, बगलेत बिस्किटाचा डबा, हातात पाण्याचा तांब्या अशा थाटात तीन मजले चढले. भूत काढताना डोकं उघडं ठेवायचं, हा त्यांच्या गुरूचा दंडक. त्यांनी पागोटं उतरवलं आणि जपून गोण्यांवर, म्हणजे थेट कॅमेऱ्यावर ठेवलं. माझा सिनेमा तिथंच संपला. सुनंदाला हे कुठलं कळायला? ती जोरात घुमत होती.

'गाव कंचं?' मामांनी विचारलं.

सुनंदा पाठ केलेलं सगळं विसरली. 'कन्नड.'

'मंग घरचीच की. पाऊस झाला का तिकडं?'

'नाही.'

'बरं. काय पायजे तुला?'

घुमून घुमून तिच्या घशाला कोरड पडली होती. 'पाणी,' ती म्हणाली, आणि यात अभिनय अजिबात नव्हता.

'तूबी पान्यापायीच आलीस व्हय,' असं पुटपुटत मामांनी डबा उघडला, टाक तांब्यात बुडवला आणि ते पाणी तिला स्वतःच्या हातानं पाजलं. भूत आणखी एक तांब्या मागून, तोही पिऊन गेलं.

संध्याकाळी टेप लावली. पागोट्यामागचा काळोख आणि आवाज, बस. कॅमेरा मात्र चालूच राहिला होता. आम्ही खाली गेल्यावर मामा पागोटं न्यायला परत आले, तेव्हा एकदम उजेड झाला. त्यांनी टाक गोणीवर सुलटा ठेवला, समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, 'रुसू नको. मीबी रुसलो व्हतो. झाली फिट्टंफाट.' मग सवयीनं, 'बाकी खुशाल हायेस ना?'

कबुली द्यायला मी त्यांच्याकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्यांनी 'जावईबापू, तुमी येळेवर हाक मारली' म्हणून चहा पाजला आणि मी तो पिऊन परत आलो.

आता मामा नाहीत. ती टेप कुणी लावू नये म्हणून तिच्यावर मी 'लग्न' असं लिहून ठेवलंय. वर्षातून एकदा मीच लावतो. काळोख सबंध बघतो, पुढे पळवत नाही.