दोन सारखे कप

आज कपाट आवरताना रेल्वेच्या डायनिंग कारच्या जुन्या कपबशा धुवायला काढल्या. जुन्या बाजारातून मी त्या कितीतरी वर्षं जमवते आहे. निळ्या काठाचे दोन कप हाती आले आणि मी पुन्हा भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात जाऊन उभी राहिले.

शेजारचे करीमचाचा डायनिंग कारमध्ये खानसामा होते. ते आले की सासूबाई त्यांना चहा द्यायच्या, पण कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. तो कप माझ्या हातून फुटला. गाडीत नवी क्रोकरी आली तेव्हा मोडीत निघालेले हे दोन कप चाचा घेऊन आले. सासूबाईंना म्हणाले, "अक्का, एक तुमचा, एक माझा."

त्या दिवशी दोघांनी आपापल्या कपातून चहा घेतला. नंतर मी मात्र दोन्ही कप एकत्रच विसळले आणि शेजारी शेजारी पालथे घातले. दुसऱ्या दिवशी चाचा आले. त्यांचा कप कोणता, ते मला कळेना. स्टोव्हवर चहा उकळत होता आणि मी दोन्ही कप उलटसुलट करून बघत होते. चाचा दारातल्या स्टुलावर मान खाली घालून बसले होते.

सासूबाई मूळच्या धुळ्याकडच्या. कपांकडे बघून त्या अहिराणीत म्हणाल्या, "दोन्ही सारखाच शेतस. वत चहा." सारखेच आहेत म्हटल्यावर मी चहा ओतला. एक कप त्यांनी चाचांना दिला, दुसरा स्वतःच्या तोंडाला लावला.

तेव्हा एवढंच वाटलं, की बोलणी खाण्यातून सुटले. त्या दोघांचे उपकार कळायला वय व्हावं लागलं.

कप पुसून पुन्हा कपाटात ठेवले. त्यातला वेगळा कोणता, हे मला आजही सांगता येत नाही.