गुराब हुगळी ओलांडते

कालिंदीबाई रेग्यांनी इंग्रजांचं नाक कापलं, ते बागबाजारात, आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर. मी समोर चहा पीत बसलो होतो, म्हणून साक्षीदार.

इंग्रज म्हणजे प्लॅस्टिकचं जहाज. खोक्यातून सुटे भाग येतात, ते चिकटवून उभं करायचं. खोक्यावरच्या चित्रात होतं कंपनी सरकारचं व्यापारी जहाज, आणि बाईंना त्यातून काढायची होती मराठी आरमाराची गुराब. इंग्रजी जहाजाची नाळ, म्हणजे पुढचा भाग, गोल आणि फुगीर; गुराबेची लांब, निमुळती, पाण्यावर झेपावलेली. म्हणून ही शस्त्रक्रिया.

बाई मूळच्या विजयदुर्गच्या. बँकेत बदली होऊन कोलकात्याला आल्या आणि निवृत्तीनंतर इथेच राहिल्या. परत का गेला नाहीत, असं विचारलं तर म्हणतात, "तिथे खाडी, इथे हुगळी. होडी दिसली की माझं भागतं." मी जन्मभर रंगभूमीवर तोंड रंगवून आता मुलाकडे, त्यांच्याच इमारतीत येऊन राहिलेला. त्या मला नटवर्य म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, ते मी कधी तपासलं नाही. हाक मारणारं कुणी आहे, एवढं मला पुरतं.

हुगळीपलीकडे हावड्याला एक हौशी मंडळ दरवर्षी जहाजांच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरवतं. त्याचे प्रमुख अरुणबाबू, बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी बाईंनी खोक्यातलं जहाज जसंच्या तसं जोडलं, वर भगवं निशाण लावलं आणि नेलं. अरुणबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. "दीदी, साहेबाला फेटा बांधला म्हणून तो मराठा होतो का?" एवढं बोलून त्यांनी ते इतिहासाच्या टेबलावरून उचललं आणि मुलांच्या खेळण्यांत ठेवलं. वर म्हणाले, "तुमची माणसं इकडे लुटायला घोड्यांवरून आली होती. त्यांच्या भीतीने आम्ही खंदक खणला, तुमच्या बागबाजारापासूनच. जहाज कुठलं काढलंत?"

बाई तिथे हसल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "नटवर्य, पुढच्या वर्षी यातून गुराब काढून ती इतिहासाच्या टेबलावर बसली नाही, तर हा नाद सोडला."

मग वर्षभर त्यांच्या घरात गोदी चालली. कापलेल्या नाकाच्या जागी रसगुल्ल्याच्या डब्यांची झाकणं कापून नवी नाळ झाली. नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा बसल्या, आणि इंग्रजांच्या जादा तोफांची भोकं बुजवली गेली. सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात, तिच्या काड्या मेणबत्तीवर धरून बाई अलगद ओढायच्या; केसासारखा धागा निघायचा, त्याचे दोर झाले. प्लॅस्टिकची शिडं काढून जुन्या सुती साडीची शिवली, चहात बुडवून मळवली आणि पुढे फुगवून वाळवली. शेवटी निशाण. भाताच्या पेजेत भिजवून, काठीभोवती गुंडाळून, फडफडतं दिसावं म्हणून लाटा पाडून कडक केलेलं. ते जमावं म्हणून बाई रोज संध्याकाळी घाटावर उभ्या राहून लाँचवरचं निशाण निरखायच्या.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही बागबाजार घाटावर हावड्याची लाँच पकडली. गुराब बाईंच्या मांडीवर, खोक्याला झाकण नाही. मी शेजारी बसलो होतो, पहिला प्रयोग असावा तसा सारखा घसा साफ करत.

लाँच धक्क्यावरून सुटली. वारा समोरून तोंडावर आला, लाँचचं निशाण मागे फडफडू लागलं. मी गुराबेकडे पाहिलं. तिचंही निशाण मागे, अगदी तसंच. शिडं मात्र पुढे फुगलेली.

आमच्या एका नाटकात समुद्राचा प्रवेश होता. विंगेत मोठा पंखा लावायचे, की शीड आणि निशाण दोन्ही एकाच बाजूला उडायची.

"कालिंदीबाई," मी म्हटलं, "पंखा कुठल्या विंगेत आहे?"

"कसला पंखा?"

"शिडं फुगली ती मागच्या वाऱ्याने. मग निशाण मागे कसं उडेल? लाँचला इंजिन आहे, ती वाऱ्यात घुसते. गुराबेला कुठलं इंजिन?"

बाईंनी एकदा लाँचकडे पाहिलं, एकदा गुराबेकडे. चेहरा उतरला. "अरुणबाबू पहिलं तेच बघतील. म्हणतील, साहेबाचं नाक कापलं आणि पोटात इंजिन बसवलं." त्यांनी खोकं माझ्याकडे सरकवलं. "परत जाऊ या."

"पेज आहे ती, सिमेंट नव्हे. भिजवा."

त्यांनी पिशवीतली बाटली काढली आणि बोटाने एकेक थेंब सोडत निशाण ओलं केलं. कापड मऊ पडलं, काठीवर सैल झालं. त्यांनी ते हळूच पुढे फिरवलं. पण ते काठीलाच चिकटून लोंबू लागलं, ओल्या रुमालासारखं.

"आता हे उडवणार कोण? तुमचा पंखा?"

पंखा तर समोरच होता. मी खोकं उचललं आणि उलटं फिरवलं. गुराबेची पाठ हावड्याकडे, तोंड बागबाजारकडे. समोरचा वारा तिला पाठीमागून मिळाला. निशाण एकदा थरथरलं, आणि उठलं. शिडं जिकडे, तिकडे.

बाई एका हाताने तिला धरून, पिशवीतून काढलेल्या सुईने निशाणाच्या लाटा सारख्या करू लागल्या. निशाण वाळेपर्यंत हावडा येऊच नये, असं मला वाटत होतं. शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी तर आपली टोपली बाजूला घेऊन वाऱ्याला वाट करून दिली.

हॉलमध्ये अरुणबाबू हात पाठीमागे बांधून गुराबेभोवती फिरले. नाळ पाहिली, तोफा पाहिल्या. मग वाकून निशाणाजवळ नाक नेलं.

"वारा कुठून?"

"मागून," बाई म्हणाल्या.

अरुणबाबूंनी बोटाच्या टोकाने कापड चाचपलं. "दीदी, निशाण ओलं आहे."

"नदी ओलांडून आली आहे, अरुणबाबू."

अरुणबाबूंनी इतिहासाच्या टेबलावरचं एक इंग्रजी जहाज थोडं सरकवलं आणि तिथे जागा केली.