मोहाच्या झाडाखालचा छर्रा

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की गुन्हेगाराच्या आधी माझीच चूक डोळ्यांसमोर येते. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि सालेकसा भागातल्या जंगलपट्टीत एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नावे कोणाचीच सांगत नाही. माणसे अजून त्याच गावात राहतात.

मोहफुलांचे दिवस होते. उजाडताना एक बाई जंगलाकाठी फुले वेचायला वाकली आणि तिच्या मांडीत छर्रा घुसला. जवळच वाडी असलेल्या एका शेतकऱ्याने तिला मोटारसायकलवर बसवून ग्रामीण रुग्णालयात आणले. मी पोचलो तेव्हा तो व्हरांड्यात उभा होता, शर्टाला रक्त लागलेले. बाईच्या नवऱ्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता. मला तो भला माणूस वाटला. मला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "साहेब, लोहाराले विचारा. त्यानं फिरून बंदुका बनवणं सुरू केलं म्हणतेत."

खरे सांगायचे तर माझ्याही डोक्यात आधीपासून तोच लोहार होता. फौजदार असताना मीच त्याला भरमारच्या नळीसह पकडले होते. भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायची गावठी बंदूक. त्या काळी दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरली की लोक दंडारीचे नाच-नाटक बघण्यात गुंग असत, आणि विळ्या-कोयत्यांच्या दुकानांमागे अशा नळ्या हातोहात जात. आम्ही साध्या कपड्यांत जिलेबी खात फिरायचो आणि लोहाराशी कोण जास्त वेळ कुजबुजतो ते बघायचो. अर्धी गुप्त माहिती त्या जिलेबीच्या ठेल्यावरच मिळायची. त्यामुळे बंदूक म्हटली की लोहार, हे माझ्या अंगात मुरले होते. खबर आपल्या मनातलेच बोलली की ती खरी वाटते. मलाही वाटली.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. लोहार विळे मांडून बसला होता. भर बाजारातून आम्ही त्याला जीपमध्ये घातले. पाहायला गाव लोटले.

घराची झडती घेतली. भाता, घण, जुने लोखंड, बाकी काही नाही. तरी सलग तीन दिवस मी त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवले. आमच्या कागदावर त्याला चौकशी म्हणतात. गाव त्याला अटकच म्हणते. त्याच्या मुलीची सोयरीक जुळत आली होती. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा निरोप आला, सध्या थांबू या. हे त्याने मला सांगितले नाही, हवालदाराने सांगितले. तरीही मी हटलो नाही. अनुभवाचा माज वाईट असतो.

तिसऱ्या दिवशी, त्याच्याकडून कबुली काढायची म्हणून, मी मोबाईल त्याच्यापुढे धरला. डॉक्टरांनी काढलेला छर्रा पंचांसमक्ष सील करण्याआधी मी त्याचा फोटो घेतला होता. लोहाराने मोबाईल हातभर लांब धरून डोळे बारीक केले.

"हा माया हातचा नाही जी. मी शिसं ओतलं त गोळी धड गोल बी होत नाही. याले त कंबर हाये. हा कारखान्याचा माल हाये."

मी पुन्हा पाहिले. छर्रा खरेच मधे बारीक आणि खाली पसरट होता. मी चिडून विचारले, "मग पहिल्याच दिवशी काऊन नाही सांगितलं?"

"तुमी दाखवला कुठं जी? तुमी त मलेच पाहून राहिले होते."

मी चहा मागवला. चहा पिताना तो स्वतःहून बोलला. आता विळा घ्यायलाही त्याच्याकडे कोणी येत नाही, सारे मोबाईलवर मागवतात, मग बंदूक कायले मंडईतून येईल?

तिथून तपासाला दिशा मिळाली. त्या गावात कुरिअरची गाडी आत जात नाही. फाट्यावरच्या किराणा दुकानात सगळ्यांची पार्सले उतरतात. दुकानदार बाईला मोबाईलवर मागवता येते, म्हणून गाव तिच्याकडे जाते, चित्रावर बोट ठेवते, आणि ती सगळ्यांचा माल स्वतःच्याच नावाने मागवते. साडी, मिक्सर, फवारणीचा पंप. महिला हवालदाराने विचारताच ती न अडखळता म्हणाली की होय, माकडे हाकलायची एक बंदूकही मागवून दिली होती. हवेच्या दाबावरची म्हणून तिला ते खेळणेच वाटले होते. कोणासाठी, हेही सांगितले. जखमी बाईला दवाखान्यात आणणारा तोच शेतकरी.

त्याच्या घरी गेलो तर त्याने कानावर हात ठेवले. असे काही घेतलेच नाही म्हणाला. तेवढ्यात पडवीत एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली दिसली. तिच्याखाली लांबट खोका होता आणि खोक्याच्या बाजूवर बंदुकीचे चित्र. हवालदार वाचायला वाकला तर कोंबडीने त्याच्या बोटाला चोच मारली. कोणी हसले नाही. शेतकऱ्याने मागच्या अंगणाकडे बोट दाखवले. बंदूक भाताच्या तणसाच्या ढिगात निघाली.

वांग्याच्या वाडीत रोज माकडे शिरत. अंधुक उजेडात काहीतरी हलले आणि त्याने चाप ओढला. "मी तिले लगेच उचलून आणलं ना साहेब," एवढेच तो परत परत म्हणत राहिला. ते खरे होते, म्हणून मी जबाबात लिहिले. लोहाराचे नाव त्यानेच घेतले, तेही लिहिले.

लोहाराला मी आता घरी जा म्हटले, तर तो बाकावरून उठेना. "बाजारातून उचललं ना जी? मंग बाजारातच सोडा."

पुढच्या बाजारी मी गणवेशात त्याला जीपमधून उतरवले आणि लोकांपुढे मोठ्याने सांगितले की याचा काही दोष नाही, चूक माझी आहे. लोकांनी ऐकले आणि आपापल्या खरेदीला गेले. मला वाटले होते, एवढ्याने भागेल. संध्याकाळी परत गेलो, तर त्याचे विळे सकाळी मांडले तसेच पडले होते. मला फार वाईट वाटले. गणवेशातल्या माणसाने उचलले की गाव एका क्षणात मानते, पण त्यानेच सोडले तर मानायला वेळ घेते. हे मी नोकरीच्या शेवटी शिकलो, आणि माझ्या शिकण्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

काहीच विकले नाही का, मी विचारले.

"एक विळा गेला जी. छर्रा लागला त्या बाईच्या नवऱ्यानं नेला. धार बी नाही पाहिली त्यानं."