वाटेत सवाना लागतं

गुरुदत्त केळुसकर हा माणूस मला फार आवडायचा आणि त्याचा मला तितकाच रागही यायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. जन्म वेंगुर्ल्याच्या बाजूचा, शिक्षण मुंबईत, आणि नोकरी सगळी न्यू जर्सीतल्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीत. जर्सी सिटीत आमच्या वरच्याच मजल्यावर ते आणि कांचनकाकू राहत. कुणाचा नळ गळू दे, कुणाची गाडी अडू दे, काका हातात पाना घेऊन हजर. बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचा चेहरा खुलायचा. माणसांमध्ये काही बिघडलं की मात्र हेच काका खिशात हात घालून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी दीपा. तिनं सैन्यात असलेल्या मार्क नावाच्या अमेरिकन मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा काकांनी आरडाओरडा वगैरे काही केला नाही. ते लग्नाला गेले नाहीत, एवढंच. काकू गेल्या, त्यांच्याबरोबर मी आणि माझा नवरा अतुल गेलो. त्या शनिवारी काका दिवसभर बिल्डिंगचा बॉयलर खोलून बसले होते. बॉयलर चांगला चालू होता. त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं बंद. काकू फोन लावायच्या आणि काका टीव्हीचा आवाज वाढवायचे.

पंच्याऐंशीच्या वसंतात बातमी आली की दीपाला दिवस गेलेत, ऑक्टोबरात बाळ येईल. दीपा आणि मार्क तेव्हा जॉर्जियात, सवानाला होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकांनी जाहीर केलं की आपण बोटीनं फ्लोरिडाला जाणार. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी लाकडी मोटरबोट घेतली होती. आपल्या गावाकडच्या देवाचं, वेतोबाचं, नाव त्यांनी तिच्यावर इंग्रजीत रंगवलं होतं, आणि बोटी बांधून ठेवतात त्या मरीनातल्या एकाही गोऱ्याला ते धड म्हणता येत नसे.

"म्हणजे दीपाकडे जाताय," मी म्हटलं.

"दीपाकडे कोण जातंय? बोट फ्लोरिडाला जातेय. वाटेत सवाना लागतं."

काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. कित्येक महिन्यांनी त्या हसल्या होत्या. नाक खाली न करता लेकीच्या दारात जाऊन उभं राहायची ही काकांची युक्ती होती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. लोक विमानानं जातात, हे समुद्रावरून जाणार होते. असेना का. पोचल्याशी कारण.

जून उजाडला. सागर तळ्यासारखा शांत, आकाश निरभ्र, मरीनातल्या बोटी एकेक करून बाहेर पडत होत्या. वेतोबा जागची हलेना. काका म्हणाले, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय समुद्रात बोट घालायची नाही. त्यांच्या आजोबांपासून कुणी घातली नव्हती.

"अहो, तिकडे पाऊस असतो म्हणून," काकू म्हणाल्या. "इथे कुठे आलाय आषाढ?"

"समुद्र एकच असतो."

अतुलनं नकाशा दाखवून सांगितलं, काका, इथे उलटं आहे, इथली वादळं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. पालथ्या घड्यावर पाणी. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा त्या वर्षी नेमका अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा गेली ऑगस्टच्या अगदी अखेरीला. सगळा उन्हाळा काका धक्क्याला बांधलेल्या बोटीत इंजिन उघडत होते आणि बंद करत होते. मला आता वाटतं, त्यांना मुलीसमोर उभं राहायची भीती वाटत होती. नारळाचा तेवढा आडोसा मिळाला. पण हे तेव्हा त्यांना सांगायची कुणाची हिंमत?

पौर्णिमेला काकूंनी नारळीभात केला. काकांनी सोवळं नेसून, वर लाइफ जॅकेट घालून, पाण्यात नारळ सोडला. भरती होती. नारळ गोल फिरून पुन्हा बोटीला येऊन टेकला. काकांनी तो बोटीवरच्या हुकाच्या काठीनं ढकलला, तो परत आला. शेवटी इंजिन चालू करून तेच नारळापासून लांब गेले. आम्ही धक्क्यावर हसून हसून बेजार झालो होतो.

दोघं निघाल्यावर पुढचं मला काकूंच्या फोनवरून कळत गेलं. डेलावेअरच्या खाडीत इंजिन तापलं, कारण गार पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक फाटलं होतं. जन्मभर पंप बनवलेल्या माणसाला पंपानंच धोका दिला. ते बदललं तर चेसापीक बेमध्ये डिझेलच्या टाकीतला जुना गाळ हलून फिल्टर तुंबायला लागला. काका दर थोड्या वेळानं फिल्टर साफ करत आणि काकू सुकाणू धरून रामरक्षा म्हणत. दुसरा कुणी असता तर मेकॅनिक बोलावून मोकळा झाला असता. काका कुणाला बोटीला हात लावू देत नसत. प्रत्येक बंदरात मुक्काम वाढत गेला. काकू सांगत, "चिडत नाहीत गं अजिबात. शीळ घालत दुरुस्त्या करतात."

सप्टेंबरच्या शेवटी ते नॉर्थ कॅरोलिनात होते तेव्हा मोठं वादळ आलं. दोघांनी एका चर्चच्या तळघरात आसरा घेतला. परत येऊन बघतात तर वेतोबा धक्क्याच्या खांबांवर आपटून आपटून एका कुशीला फुटलेली, सुकाणू मोडलेलं, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा वाकलेला. बोट ओढून दुरुस्तीच्या यार्डात उभी केली. चार दिवसांनी सवानाहून निरोप आला की दीपाला मुलगा झाला.

काकूंनी पिशवी भरली. "चला, बसनं जाऊ. बोट राहू दे इथे."

"अशी उघडी टाकून? तू हो पुढे. मी बोट झाली की येतोच."

काकू एकट्या बसनं गेल्या.

काका यार्डात राहिले. फळ्या बसवल्या, फटी भरल्या, दांडा सरळ करायला दुसऱ्या गावी पाठवला, तो आला तर बसेना, म्हणून परत पाठवला. काकू रोज यार्डाच्या ऑफिसात फोन करायच्या. नातू काकांसारखाच कपाळाला आठ्या घालतो म्हणायच्या. काका विचारायचे, तब्येत कशी आहे? कुणाची, ते म्हणायचे नाहीत. नोव्हेंबरात मार्कची बदली जर्मनीला झाली. थँक्सगिव्हिंगनंतरच्या गुरुवारी ते निघणार होते. हे काकूंनी काकांना एकदा नव्हे, दहादा सांगितलं.

बोट पाण्यात उतरली, काका एकटेच निघाले आणि चार्ल्सटनजवळ इंजिन पुन्हा बंद पडलं. तिथून सवाना गाडीनं दोन-अडीच तास. तिथल्या यार्डात काकूंचा फोन गेला.

"मार्क म्हणतोय, तो गाडी घेऊन न्यायला येतो. आत्ता निघतो म्हणतोय."

"त्याला कशाला त्रास? पार्ट उद्या येतोय."

"अहो, ते चाललेत!"

"येतो म्हटलं ना. बोटीनंच येतो."

ज्या जावयाच्या लग्नाला गेलो नाही, त्याच्या गाडीत मागे बसून लेकीकडे जायचं, हे त्यांना जमलं नाही. त्यांना स्वतःच्या बोटीनं, स्वतःच्या हातानं दोर बांधून, कॅप्टन म्हणून उतरायचं होतं. मोडेन पण वाकणार नाही, हे ऐकायला छान वाटतं. ज्यांच्या घरात असा माणूस असतो त्यांना विचारा.

पार्ट उद्या आला नाही. गुरुवारी दीपा, मार्क आणि बाळ विमानात बसले. काकूही त्याच दिवशी आमच्या घराजवळच्या नेवार्कला परत आल्या. निघण्याआधी यार्डाला फोन करून त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "ते गेले. मी घरी चाललेय. तुम्ही या तुमच्या बोटीनं."

तरीही काका शनिवारी सवानाला पोचले. का गेले असतील, देव जाणे. इंजिन, त्यांच्याच शब्दांत, शिलाई मशीनसारखं चालत होतं. तिथल्या धक्क्यावर डिझेल देणारा म्हातारा बोटीचं नाव एकेक अक्षर लावत वाचू लागला, आणि मग काकांकडे बघत राहिला.

"म्हणजे तुम्ही खरंच आलात," तो म्हणाला. "एक मुलगी यायची. कडेवर बाळ असायचं. रोज संध्याकाळी येऊन विचारायची, या नावाची बोट आली का? मी म्हणायचो, नाही आली, मॅडम. मग ती त्या बाकावर अंधार पडेपर्यंत बसायची. बुधवारीसुद्धा आली होती."

काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाळाला वारा लागावा म्हणून फिरवून आणते, असं सांगून दीपा रोज बाहेर पडायची. ती बापाचीच लेक. ओठातून एक शब्द बाहेर काढणार नाही.

काकांनी बोट तिथेच विकली. मिळेल त्याला देऊन टाकली म्हणा. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, जर्मनीचं तिकीट काढा, काका. ते म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ?" पुढच्या वर्षी दिवाळीला फोनवर बोलणं सुरू झालं, हवा कशी आहे, थंडी किती आहे, एवढंच. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात काका हार्ट अटॅकनं गेले. दीपा मुलाला घेऊन आली. तो घरभर धावत होता, आणि आजोबा आपल्याला कधी दिसलेच नाहीत हे कळायचं त्याचं वय नव्हतं.

काकांनी हे सगळं स्वतःहून मला एकदाच सांगितलं. मी चहा घेऊन वर गेले होते, काकू देवळात गेल्या होत्या. धक्क्यावरच्या म्हाताऱ्याचं सांगून झाल्यावर त्यांनी चहाचा कप पुढे ओढला. मला वाटलं, रडतील. मी विचारलं, "मग परत कसे आलात?"

"बसनं," काका म्हणाले. "संध्याकाळी बसलो. एक झोप काढली, डोळे उघडले तर नेवार्क."